उन्हातला पाऊस

जुन्या चित्रपटाची फोर-के (अतिशय सुस्पष्ट डिजिटल) प्रत म्हणजे चित्र गुळगुळीत करून आणलेली केवळ वरवरची चकाकी, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील मत मला पटले नाही. पाच लाख गुजराती शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला, श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ मी प्रथम धुळे जिल्ह्यातील आमच्या गावी, दूध सोसायटीच्या आवारात ताणलेल्या चादरीवर पाहिला. ती प्रत इतकी झिजलेली होती की भर उन्हातल्या प्रसंगातही पाऊस पडतो आहे असे वाटे, आणि सारे रंग गुलाबट पडले होते.

मूळ निगेटिव्हवरून सिद्ध केलेली नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवानंतर आपल्याकडे प्रदर्शित झाली, तेव्हा मी ती मुंबईला मुलाकडे गेलो असताना पाहिली. स्मिता पाटील (शिरपूरच्या पाटलांची लेक, म्हणून आम्हा खानदेशकरांना अंमळ जास्तच जवळची) बोलण्याआधी डोळ्यांनी जे सांगून जाते, ते मला इतक्या वर्षांनी प्रथमच दिसले. पायवाटेवरची धूळसुद्धा धुळीच्याच रंगाची होती. चित्र गुळगुळीत केल्याचे मला तरी कुठे जाणवले नाही. प्रीती सागर यांनी चित्रपटात गायलेल्या गाण्याचे शब्द मात्र सोसायटीच्या भोंग्यामुळे मी आजवर चुकीचेच गुणगुणत होतो.