साहेब राजीनामा देतो म्हणे!

सप्टेंबर २०२५ पासून एक फॉरवर्ड फिरतोय. अँजेला रेनर यांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: ‘ब्रिटनच्या उपपंतप्रधान. घर घेताना ४० हजार पाउंड कर कमी भरला. राजीनामा! आणि आपल्याकडे?’ पुढे पाच दावे. तिथे आरोप झाला की मंत्री त्याच दिवशी पायउतार होतो. गेलेला मंत्री पुन्हा तोंड दाखवत नाही. पोलिस पंतप्रधानालाही दंड करतात आणि त्याची खुर्ची जाते. सामान्य माणसाला न्याय लगेच मिळतो. आणि खासदार सरकारी पैशाचा पै न पै हिशेब स्वतःहून देतात, कंत्राटंही चोख असतात. शेवटी हात जोडलेल्या तीन इमोजी.

मला हा चार ग्रुपांवर आला. पाठवणारे सगळे शिकलेले. त्यातले एक गृहस्थ तर लंडनजवळच्या स्लावला राहतात, रोज तिथला पेपर वाचतात. त्यांनी तरी पाठवायला नको होता.

रेनर यांचं खरं आहे. होव्हमधला ८ लाख पाउंडांचा फ्लॅट, त्यावरचा कर कमी भरला गेला, पंतप्रधानांच्या सल्लागाराने मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाल्याचं सांगितलं आणि ५ सप्टेंबरला त्या गेल्या. पण त्याआधी वर्तमानपत्रांनी हे प्रकरण किती दिवस लावून धरलं होतं, ते फॉरवर्डमध्ये नाही. आणि एका राजीनाम्यावरून अख्ख्या देशाची कुंडली मांडायची, तर बाकीचे ग्रहही बघावे लागतात.

पहिला दावा, त्याच दिवशी पायउतार. या बाबतीत नेहमी जॉन प्रोफ्युमोचं नाव घेतलं जातं. संरक्षण खात्याच्या या मंत्र्याने मार्च १९६३ मध्ये एका तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल संसदेत उभं राहून खोटं सांगितलं आणि राजीनामा दिला जूनमध्ये. मधले अडीच महिने त्याने नुसता इन्कार केला. आणि हे आदर्श उदाहरण!

अलीकडचं बघा. मे २०२० मध्ये अख्खा देश घरात कोंडलेला असताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लंडनहून २६० मैल गाडी हाकत डरहॅमला गेले होते, हे उघड झालं. तिथून ईस्टरच्या रविवारी बायको-मुलासह ३० मैलांवरच्या बार्नार्ड कासलला. कशाला? तर नजर नीट आहे का, लंडनपर्यंत गाडी चालवता येईल का, हे तपासायला. डोळे तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न जाता हमरस्त्यावर जाणारा हा जगातला पहिलाच माणूस असावा. पंतप्रधानांच्या बंगल्याच्या बागेत पत्रकार परिषद घेऊन त्यांनी हे सांगितलं, आणि नोव्हेंबरपर्यंत कामावर राहिले.

त्याच नोव्हेंबरात प्रीती पटेल. गृहमंत्री असताना कर्मचाऱ्यांशी त्यांची वागणूक दांडगाईची ठरते, आचारसंहिता मोडली आहे, असा निष्कर्ष सर अ‍ॅलेक्स अ‍ॅलन यांनी दिला. अ‍ॅलन हे पंतप्रधानांचे आचारसंहितेसाठी नेमलेले सल्लागार. जॉन्सन म्हणाले, मोडलेली नाही. मग राजीनामा आला, तो अ‍ॅलन यांचा! चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपली, पण तिचा इतका नेमका प्रयोग लंडनमध्ये व्हावा, याची गंमत वाटते.

यातली मेख अशी की मंत्र्यांची आचारसंहिता लिहितो पंतप्रधान, ती मोडली की नाही हे ठरवतो पंतप्रधान, आणि ती बदलतोही तोच. २०२२ च्या मे महिन्यात, कोविडच्या निर्बंधांत स्वतःच्याच कार्यालयात झालेल्या पार्ट्यांचा अहवाल येऊन दोन दिवस झाले नाहीत, तोच जॉन्सन यांनी नियम सैल केले. किरकोळ भंगाला राजीनाम्याची गरज नाही, जाहीर माफी किंवा थोडा पगार कापणं पुरे. अ‍ॅलन यांच्या जागी आलेले लॉर्ड गाइट यांनीही पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. नीतीचे सल्लागार पटापट राजीनामे देतात, एवढ्यापुरता फॉरवर्ड बरोबर आहे.

आता दुसरा दावा: गेलेला मंत्री पुन्हा दिसत नाही. इथे मला खरंच हसू आवरत नाही.

अँबर रड यांनी एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्रिपद सोडलं. विंडरश पिढीतल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये आलेल्या कॅरिबियन लोकांना हयात तिथे काढल्यावर बेकायदा ठरवण्याचं ते प्रकरण. हद्दपारीची उद्दिष्टं ठरवलेली नव्हती, असं त्यांनी समितीला सांगितलं, आणि ती होती. नोव्हेंबरात त्या पुन्हा मंत्रिमंडळात, दुसऱ्या खात्यावर. सुएला ब्रेव्हरमन यांनी सरकारी कागद खासगी ईमेलवरून पाठवला म्हणून १९ ऑक्टोबर २०२२ ला गृहमंत्रिपद सोडलं आणि २५ ऑक्टोबरला पुन्हा गृहमंत्री झाल्या. सहा दिवस. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी याहून मोठी असते.

पण खरा मानकरी पीटर मँडेलसन. डिसेंबर १९९८ मध्ये पहिला राजीनामा: सहकारी मंत्र्याकडून घरासाठी घेतलेलं ३ लाख ७३ हजार पाउंडांचं कर्ज लपवलं होतं. दहा महिन्यांत परत. जानेवारी २००१ मध्ये दुसरा राजीनामा, आणि त्यात आपल्या ओळखीचं नाव: हिंदुजा. लंडनच्या मिलेनियम डोमसाठी १० लाख पाउंड देऊ करणाऱ्या हिंदुजा बंधूंपैकी एकाच्या पासपोर्टबद्दल त्यांनी विचारपूस केली, असा वाद होता. (नंतरच्या चौकशीत त्यांचं वागणं गैर ठरलं नाही, हेही सांगायला हवं.) २००८ मध्ये लॉर्ड होऊन परत मंत्री. २०२५ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत. आणि लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनला लिहिलेल्या ईमेल उघड झाल्यावर ११ सप्टेंबरला तिथूनही हकालपट्टी. म्हणजे रेनर यांचा फोटो आपण कौतुकाने पुढे ढकलत होतो, त्यानंतर सहाच दिवसांनी.

आपल्याला हे नवीन का वाटावं, तेच कळत नाही. २६/११ नंतर आर. आर. आबांनी गृहमंत्रिपद सोडलं आणि वर्षभरात निवडणूक होऊन तेच पुन्हा गृहमंत्री झाले. पळसाला पानं तीनच. टेम्सच्या काठी त्याला चौथं फुटत नाही.

शिवाय पगाराचं. जुलै २०२२ मध्ये मिशेल डॉनेलन शिक्षणमंत्री झाल्या आणि दोन दिवस पुरे व्हायच्या आत राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. पद सोडणाऱ्या मंत्र्याला तीन महिन्यांचा पगार देण्याच्या तेव्हाच्या नियमाने त्यांचा हक्क झाला १६,८७६ पाउंडांचा. त्यांनी ते पैसे घेणार नाही असं सांगितलं, तो त्यांचा चांगुलपणा. नियमाच्या दृष्टीने ती भरपगारी रजाच होती.

तिसरा दावा, पंतप्रधानाला दंड. हा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त धोक्याचा.

१२ एप्रिल २०२२ ला जॉन्सन आणि तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांना दंड झाला. गुन्हा, जून २०२० मध्ये निर्बंध असताना मंत्रिमंडळाच्या दालनात वाढदिवस साजरा केला. एका सहकारी मंत्र्याने बचाव केला की पंतप्रधानांवर केकने जणू दबा धरून हल्ला केला. दंडाची रक्कम ५० पाउंड. २०२० च्या ऑगस्टपासून मोठा जमाव जमवणाऱ्या साध्या नागरिकाला दंड १० हजारांपर्यंत होता.

आणि पोलिस? पंतप्रधान निवासाच्या दारात चोवीस तास पोलिस उभे असतात. आत सुटकेस भरून वाइन येते, प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीच्या आदल्या रात्री पार्टी होऊन बागेतला लहान मुलाचा झोका मोडतो, आणि दारातल्या पोलिसांना काही दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लंडन पोलिसांनी सांगितलं की जुन्या उल्लंघनांची चौकशी आम्ही सहसा करत नाही. जुनी सोडून उद्याच्या गुन्ह्यांची चौकशी कशी करतात, ते त्यांनाच ठाऊक. फोटो छापून आले, बोभाटा झाला, तेव्हा जानेवारीत चौकशी सुरू झाली. शेवटी ८३ जणांना मिळून १२६ दंड.

मग खुर्ची गेली का? नाही. जूनमध्ये पक्षातला विश्वासठराव त्यांनी २११ विरुद्ध १४८ मतांनी जिंकला. गेले ते जुलैत, दुसऱ्याच प्रकरणावरून. ख्रिस पिंचर या सहकाऱ्याबद्दलच्या लैंगिक गैरवर्तनाच्या जुन्या तक्रारी आपल्याला माहीत नव्हत्या, असं कार्यालयाकडून सांगवलं; एका निवृत्त सचिवाने पत्र लिहून ते खोटं पाडलं; मग दोन दिवसांत पन्नासहून जास्त मंत्री आणि पदाधिकाऱ्यांनी राजीनामे टाकले. तोवर यातले बहुतेक जण केकच्या बाजूनेच बोलत होते. आपली पुढची निवडणूक बुडते, हे कळल्यावर त्यांना नीतिमत्ता आठवली.

सुनक तर दंड भरून पंतप्रधान झाले. जानेवारी २०२३ मध्ये चालत्या गाडीत पट्टा न लावता इन्स्टाग्रामसाठी व्हिडिओ केला म्हणून लँकशायर पोलिसांनी ‘लंडनच्या एका ४२ वर्षीय पुरुषाला’ दंड केल्याचं जाहीर केलं. गेले ते पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत हरल्यावर.

सामान्य माणसाला लगेच न्याय, हे वाचलं तेव्हा मात्र विनोद सुचला नाही. १९९९ पासून ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत फुजित्सु कंपनीची होरायझन ही संगणक प्रणाली आली. तिच्या चुकांमुळे हिशेबात खोटी तूट दिसायची. ती तूट कार्यालय चालवणाऱ्याने भरायची, नाही तर चोरीचा खटला. आणि खटला भरणारं टपाल खातं स्वतःच: तपासनीस त्यांचे, वकील त्यांचे. संगणक बरोबरच चालत असतो असं गृहीत धरून कोर्ट पुढे जायचं. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. त्यांत कोपऱ्यावरचं दुकान चालवता चालवता टपालाचं काम करणारी कितीतरी भारतीय वंशाची माणसं होती. सरेमधली एक बाई पोटुशी असताना, मोठ्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात गेली. या प्रकरणाच्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागाने निदान १३ आत्महत्यांचा संबंध या छळाशी असू शकतो, असं नोंदवलं आहे.

२००९ मध्येच एका संगणकविषयक नियतकालिकाने हे छापलं होतं. दहा वर्षांनी ५५५ जणांनी दावा जिंकला, तर तडजोडीच्या सुमारे ५.८ कोटी पाउंडांतला मोठा वाटा खर्चातच गेला. त्याच २०१९ मध्ये टपाल खात्याच्या प्रमुख पॉला व्हेनेल्स यांना सीबीई हा किताब मिळाला. सरकार खडबडून जागं झालं ते जानेवारी २०२४ मध्ये, टीव्हीवर चार भागांची मालिका लागल्यावर. मालिका संपून आठवडा झाला नाही तोच कायद्याची घोषणा. मे महिन्यात एका फटक्यात शेकडो शिक्षा रद्द. पंचवीस वर्षं कोर्ट, संसद आणि सहा पंतप्रधान यांना जे जमलं नाही, ते चार रात्रींत झालं. याला ‘लगेच’ म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिली कंत्राटं आणि हिशेब. कंत्राटांबद्दल एकच सांगतो. २०१८ च्या डिसेंबरात ब्रेक्झिटच्या तयारीसाठी एका फेरीबोट कंपनीला १ कोटी ३८ लाख पाउंडांचं काम दिलं गेलं. कंपनीकडे एकही जहाज नव्हतं. तिच्या संकेतस्थळावरच्या अटींत ग्राहकाने जेवणाचे पैसे देण्याआधी माल नीट तपासून घ्यावा, असं लिहिलं होतं. अटी घरपोच पिझ्झा देणाऱ्या कुणाकडून तरी उचललेल्या दिसत होत्या. वाहतूकमंत्री ख्रिस ग्रेलिंग तेव्हाही खुर्चीवर राहिले.

आणि खासदारांचे स्वतःहून दिलेले हिशेब! माहिती अधिकाराखाली ते मागितले तर संसद हायकोर्टापर्यंत लढली, हरली, तरी चालढकल चालूच. मे २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने फुटलेली यादी रोज थोडी थोडी छापायला घेतली, तेव्हा देशाला कळलं की एका साहेबांनी गढीभोवतीचा खंदक साफ करून घेतलाय. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी न्हाणीघराच्या टबाचं ८८ पेन्सचं बूच सरकारी खर्चात टाकल्याचं तर मार्चमध्येच फुटलं होतं. महिन्याभराने संसदेने अधिकृत प्रती दिल्या, त्या काळ्या पट्ट्यांनी भरलेल्या. काही खासदार तुरुंगात गेले. सभापतीला जावं लागलं, १६९५ नंतर पहिल्यांदा. हे सगळं पत्रकारांनी, एका फुटलेल्या यादीने आणि कोर्टाने घडवलं, आणि फॉरवर्डमध्ये हार घातलाय मंत्र्यांना.

त्या यादीतली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली नोंद सर पीटर व्हिगर्स यांची: तळ्यात तरंगणारं बदकांचं घर, १,६४५ पाउंड. तो खर्च मंजूर झाला नव्हता, सर पीटरना तो खिशातूनच करावा लागला. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं की बदकांना ते घर कधी आवडलंच नाही.