९,९९९ च्या पाटीवर काय लिहिलेलं नसतं

परवा दुपारी एक जोडपं बारावीतल्या मुलीला घेऊन दुकानात आलं. मोंढ्यात सोयाबीन घालून थेट इकडंच आले होते. वडिलांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली जाहिरात होती : ‘आय-फाईव्ह कॉम्प्युटर, पूर्ण सेट, फक्त ९,९९९.’

“भाऊ, ह्यो घेतला तर पोरीचं काम भागंल का?”

सेलूत कॉम्प्युटर विकायला आणि दुरुस्त करायला लागून मला वीसेक वर्षं झाली. पहिल्यांदा घेणारं घर हाच प्रश्न विचारतं, आणि आपल्या धंद्यातली एकही जाहिरात त्याचं उत्तर देत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय, विशेषतः माझ्या दुकानदार मित्रांसाठी.

आय-फाईव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं नाव, २००९ पासून चालत आलंय. जुना ट्रॅक्टर घेताना आपल्याकडं कुणीही आधी विचारतो, मॉडेल कितीचं? कॉम्प्युटरलाही साल असतं हे मात्र नव्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं, आणि विकणारा ते सांगत नाही. या भावात हाती पडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं मशीन, म्हणजे २०११-१२ च्या सुमाराचं. त्यात विंडोज १० टाकलेलं असतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलची निदान आठवी पिढी लागते, ती २०१७ ला आली. म्हणजे ज्या मशीनवर पोरगी आधार नंबर आणि बापाचं बँक खातं टाकून फॉर्म भरणार, ते घरी येतानाच उघड्या दाराचं. हे न सांगता विकणं मला फसवणूकच वाटते. कायद्यात बसतं की नाही, तो भाग वेगळा.

मी साल समजावून सांगत होतो, तोवर आई गप्प होती. मग तिनं विचारलं, “लाईट बिल किती वाढंल?”

इतका नेमका प्रश्न! साध्या कामाला असा डेस्कटॉप स्क्रीनसकट छताच्या एका पंख्याइतकी, फार तर थोडी जास्त वीज खातो. एवढं वाक्य ऐकल्यावर तिच्या कपाळावरची आठी गेली. मी आजवर शंभर पाट्या रंगवून घेतल्या असतील, हे वाक्य एकीवरही नव्हतं. रॅम किती, हार्ड डिस्क किती, हे मोठ्या अक्षरात. वीज किती, हे कुठंच नाही. घरात खर्चाचा हिशोब जी ठेवते तिच्याशी आपण बोलतच नाही. पाटी बापासाठी रंगवतो आणि पोराला दाखवतो.

आणखी गोष्टी आहेत. गावातल्या निम्म्या घरांत मला अर्थिंग धड सापडत नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, आणि घरचे समजतात मशीन खराब दिलं. यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारा बॅटरीचा डबा, ‘पूर्ण सेट’मध्ये धरलेला नसतो. उंदीर माऊसची वायर कुरतडतात. कापूस घरात साठवला असेल तर सहा महिन्यांत पंख्यात ही एवढी धूळ. हे सगळं विकण्याआधी सांगितलं तर गिऱ्हाईक पळतं, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. सांगितलं की ते विश्वासानं बसतं, चहा घेतं, आणि पुढच्या वेळी भावकीतलं एखादं गिऱ्हाईक घेऊन येतं.

किंमत पाडली की कॉम्प्युटर घराघरांत जाईल, हे आपण २००५ पासून ऐकतोय. त्या साली एचसीएलनं ९,९९० रुपयांचा कॉम्प्युटर आणला होता. त्या काळी आपल्या खेड्यांत दहा-बारा तासांचं लोडशेडिंग. यूपीएस चार्ज व्हायलाच वीज नसायची, मग किंमत बघून कोण घेणार? आमच्याकडं गिऱ्हाईक तयार केलं ते एमएस-सीआयटीनं. २००१ ला तो कोर्स सुरू झाला आणि पोरांनी आधी क्लासमध्ये माऊस धरला, मग घरी हट्ट केला. इंग्लंडातही असंच झालं होतं. १९८२ ला बीबीसीनं टीव्हीवर कॉम्प्युटर शिकवायला घेतला आणि त्याच्याच जोडीनं बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर विकला. अंदाज बारा हजारांचा होता, खपले पंधरा लाखांवर. १९८४ ला आपल्या देशातल्या शाळांत ‘क्लास’ या कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पात गेलं तेही हेच मशीन.

आणि गरज आता खरी आहे. इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाची एमएचटी-सीईटी परीक्षा २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. २०२३ ची तलाठी भरतीही तशीच झाली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरांत २३.४ टक्के. फिजिक्स पाठ असलेली पोरगी परीक्षेच्या हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं माऊस सांभाळण्यात घालवते, हे मी इथं पाहिलेल्या पोरींबद्दल सांगतोय.

हप्त्याच्या योजनेतही घेणाऱ्या घराचा विचार नसतो. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून पैसे कापणारी योजना नोकरदाराची. शेतकऱ्याच्या घरी पैसा सोयाबीनला येतो, कापसाला येतो, मग तुरीला. मधल्या महिन्यात हप्ता चुकला की बँकेचा दंड, फोनवर वसुलीची भाषा. मी अर्धे पैसे आता आणि अर्धे पुढच्या मालावर घेतो. वीस वर्षांत बुडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. फायनान्सवाल्यांना हे गणित जमवता आलं पाहिजे, पीक कर्जाला ते जमतंच की.

त्या जोडप्याला मी आठव्या पिढीचं जुनं मशीन, ८ जीबी रॅम, स्क्रीन, यूपीएस, घरी येऊन अर्थिंग तपासणं आणि तीन महिने हाक मारली की येणं, असं सगळं मिळून २१,००० सांगितलं. वडिलांनी पैशाची पिशवी गुंडाळून काखेत धरली. खताची उधारी द्यायची होती, त्यांनी ती लपवली नाही. “तुरीला बघू,” म्हणाले.

मुलगी कालपासून क्लास सुटल्यावर तासभर दुकानात येते. कोपऱ्यातलं एक मशीन तिला मोकळं करून दिलंय. काल तिनं सीईटीचा पहिला सराव पेपर सोडवला, वेळ संपली तेव्हा अकरा प्रश्न राहिले होते.