‘ड्राउगर म्हणजे झोंबीच की’ वाल्या मेसेजला माझं उत्तर

आपल्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा गेम) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज परत परत फिरतोय, मला स्वतःला तीन जणांनी पाठवलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन कथांवरचं कॅम्पेन (बरेच सेशन चालणारी गोष्ट) चालवायला वेगळं काही वाचायला लागत नाही, सगळं मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (गेमच्या राक्षसांच्या पुस्तकात) आहेच. ड्राउगर (कबरीतून उठलेला मेलेला माणूस) म्हणजे झोंबी, योटुन (देवांचे प्रतिस्पर्धी) म्हणजे फ्रॉस्ट जायंट, ट्रोल म्हणजे ट्रोल, लोकी व्हिलन, लढताना मेला की वल्हाला (ओडिन देवाचा महाल), वरून शिंगांची हेल्मेटं आणि रून्स (जुनी लिपी) टाकले की काम झालं, बारक्यासारक्या भुताखेतांच्या नादी लागू नका. नवीन डीएम (खेळ चालवणारे) हे वाचून तसंच करतात आणि चार सेशननंतर म्हणतात, नॉर्समध्ये काही दम नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

हेल्मेटांचं पटकन उरकते. नॉर्वेत यर्मुन्बू इथे १९४३ मध्ये दहाव्या शतकातलं हेल्मेट सापडलं, त्याला शिंगं नाहीत. शिंगं लोकांच्या डोक्यात बसली ती मुख्यतः १८७६ च्या वाग्नरच्या ऑपेरामुळे, तिथल्या कपडेपटात ती होती.

आता ड्राउगर. इथे मी थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. झोंबीला अक्कल नसते, नाव नसतं, तो घोळक्याने येतो आणि मरतो. ड्राउगर हा कोणीतरी असतो, गावाला माहीत असलेला माणूस, मेल्यावर फुगून प्रचंड जड झालेला, छपरावर बसून घर हलवणारा. ग्रेटिर या वीराच्या सागामधला (सागा म्हणजे जुनी आइसलँडिक कथा) ग्लाम नावाचा ड्राउगर बघा. ग्रेटिर त्याला कुस्तीत पाडतो, पण पडता पडता ढगातून चंद्र बाहेर येतो, ग्लामचे डोळे दिसतात आणि ग्रेटिरसारखा माणूस जागच्या जागी गळपटतो. मग ग्लाम शाप देतो, की तुझी ताकद आहे तिथेच थांबेल आणि माझे हे डोळे कायम तुझ्यासमोर राहतील. ग्रेटिर त्याचं मुंडकं उडवतो, जिंकतो, आणि त्यानंतर जन्मभर अंधाराला घाबरतो. मी हे टेबलावर वापरलंय. ज्या प्लेअरने शेवटचा वार केला त्याच्या कॅरेक्टरला रात्रीचा पहारा एकट्याने करायचा असेल तर सेव्ह मारायचा (भीती आवरते का ते बघायला फासा टाकायचा), बस एवढाच नियम, आणि पुढचे सहा सेशन अख्खी पार्टी त्याला एकटं सोडायची नाही, मी काही न सांगता.

आणि प्रत्येक वेळी तलवारच काढावी लागते असंही नाही. एर्बिग्या सागामध्ये फ्रोडा नावाच्या शेतावर मेलेले लोक रोज संध्याकाळी घरात येऊन विस्तवाजवळ बसतात, बुडून मेलेले कपड्यातलं पाणी पिळतात, पुरलेले अंगावरची माती झटकतात, आणि घरच्या जित्या माणसांना दुसऱ्या खोलीत चूल पेटवायची वेळ येते. शेवटी काय करतात? दारातच कोर्ट भरवतात. भुतांवर रीतसर आरोप ठेवतात, की परवानगीशिवाय घरात शिरलात आणि लोकांचे जीव घेतलेत, साक्षीपुरावे होतात, निकाल लागतो, आणि एकेक भूत उठून काहीतरी बोलून निघून जातं. कारण ती माणसं कायदा मानणारी होती, मेल्यावरही. एक साधा झोंबी स्टॅट ब्लॉक (ताकदीचे आकडे) टाकून तुम्ही हे सगळं फेकून देताय!

‘योटुन म्हणजे फ्रॉस्ट जायंट’, हे अर्धवट आहे. देवांचा राजा ओडिन, त्याची आई बेस्तला योटुनांच्या घरची, थॉरची आई योर्ड तीही त्यातलीच म्हणतात, फ्रेयरची बायको गेर्ड योटुन, आणि स्काडी तर बापाच्या खुनाची भरपाई मागायला देवांच्या दारात आली आणि नवरा घेऊन गेली. म्हणजे देव आणि योटुन ही दोन घराणी आहेत, सोयरीक पण आहे आणि वैर पण आहे. प्लेअरला योटुन मारायला पाठवलं तर आधी तो कोणाचा मामा लागतो ते ठरवा.

लोकीचं पण तसंच. तो थॉरचा भाऊ हे कॉमिक्सचं. एद्दामध्ये (नॉर्स देवांच्या कथा-कवितांच्या जुन्या पुस्तकांत) तो ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे, आणि थॉरचा हातोडा, ओडिनचा भाला, फ्रेयरचं घडी करून ठेवता येणारं जहाज, हे सगळं देवांकडे आलं ते लोकीने थॉरच्या बायकोचे, सिफचे केस कापले त्या भानगडीतून. त्याला पहिल्या सेशनपासून व्हिलन केलंत तर शेवटचा विश्वासघात कसला राहणार?

वल्हाला: ग्रिम्निस्माल या एद्दातल्या कवितेत स्पष्ट आहे, रणात पडलेल्यांपैकी अर्धे फ्रेया देवीचे, ते तिच्या फोल्कवांगला जातात. आणि हेल, म्हणजे मेलेल्यांचं जग, हा नरक नाही, बाल्डरसारखा सगळ्यांचा लाडका देवही तिथेच जातो.

ट्रोलबद्दल मात्र जरा नीट ऐका. ज्याच्या जखमा आपोआप भरतात आणि ज्याला जाळावं लागतं तो ट्रोल पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीतून गेममध्ये आला. उन्हात दगड होणारा ट्रोल, गायीची शेपटी लपवणारी रानातली बाई हुल्द्रा, कोठारातला बुटका राखणदार निसे, हे लोककथांमधले, आणि त्या कथा नॉर्वेच्या आस्ब्यॉर्नसेन आणि मो यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केल्या. ते जग ख्रिश्चन झालेलं, त्यात चर्चच्या घंटा आहेत. एद्दावालं जग वेगळं, आणि तेही आपल्याला मिळालं स्नोरी स्टुर्लुसनसारख्या ख्रिश्चन आइसलँडिक लेखकाकडून, १२२० च्या आसपास, आइसलँडने धर्म बदलल्यावर दोनशे वर्षांनी. दोन्ही मिसळा, बिनधास्त मिसळा, फँटसी आहे शेवटी, पण काय मिसळतोय ते डीएमला तरी माहीत हवं. रून्सचंही तेच, व्हायकिंग काळात १६ अक्षरं होती, आणि ते टॅटूवालं ‘व्हायकिंग होकायंत्र’ १८६० च्या आइसलँडिक हस्तलिखितातलं आहे.

राहिली बारकी भुतं. निसेच्या खिरीवर लोणी दिसलं नाही म्हणून त्याने गाय मारली, मग तळाशी लोणी सापडलं तेव्हा बिचारा तशीच दुसरी गाय शोधून घेऊन आला. अख्खा सेशन आहे त्यात. कोकणात ज्यांनी राखणदाराला मान देताना बघितलंय त्यांना तर हे समजावून सांगायलाच नको. आइसलँडच्या जुन्या कायद्यात म्हणे नियम होता, की जमीन दिसायच्या आधी जहाजावरचं जबडा वासलेलं मुंडकं उतरवायचं, नाहीतर जमिनीचे रखवालदार आत्मे बिथरतात. पुढच्या वेळी पार्टीचं जहाज किनाऱ्याला लागेल ना, तेव्हा डाईस बाजूला ठेवा आणि फक्त विचारा, मुंडकं उतरवलंत का?