विषय: भूक लागल्याबाबत

32 वर्षं मी सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिल्या. त्या लिहिण्यातली खुबी अशी, की वाचणाऱ्याला काहीही करावंसं वाटता कामा नये. फाईल आली तशी परत गेली की मसुदा उत्तम.

निवृत्तीनंतर सौ.ने थालीपीठाच्या भाजणीचा उद्योग काढला आणि जाहिरातीचं खातं माझ्याकडे दिलं. "तुम्हाला लिहायची सवय आहे," एवढीच माझी पात्रता. मी एका बैठकीत मसुदा करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार यांचे राहते घरी थालीपीठ भाजणी विक्रीस उपलब्ध करून देण्यात आली असून इच्छुकांनी विहित वेळेत संपर्क साधावा." दोघांनी हात जोडले. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्याने पहिली ओळच वाचली असावी.

भाची पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. ती म्हणाली, "मामा, तुम्ही कॉपी शिका." जाहिरातीच्या मजकुराला तिच्या धंद्यात कॉपी म्हणतात. अकरावीत मी एकदाच कॉपी करायला गेलो होतो आणि वर्गाबाहेर उभा राहिलो होतो. आता 58व्या वर्षी ती पैसे भरून शिकायची होती. ऑनलाइन कोर्सची फी 4,999 रुपये, त्यावर काट मारून 499. खाली 'फक्त 3 जागा शिल्लक' आणि पंधरा मिनिटांचं उलटं चालणारं घड्याळ. चौदाव्या मिनिटाला मी घामाघूम होऊन पैसे भरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर घड्याळ पुन्हा पंधरावर आणि जागा पुन्हा तीनच. इतक्या चिकाटीने रिक्त राहिलेल्या जागा मी फक्त आमच्या खात्यात पाहिल्या होत्या.

पहिला धडा 'आयडा'चा. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं: लक्ष, रस, इच्छा, कृती. अमेरिकेतल्या एल्मो लुईस नावाच्या जाहिरातवाल्याच्या नावावर हे सूत्र सांगतात, साल 1898. म्हणजे चार टेबलं, आणि फाईल एकाही टेबलावर अडकता कामा नये. मला समजलं, पण पचनी पडलं नाही.

दुसरा धडा असा, की वस्तूचे गुण सांगत बसू नका, गिऱ्हाइकाचा फायदा सांगा. त्यासाठी प्रत्येक वाक्यापुढे 'मग काय?' विचारायचं. भाचीने स्पीकरवर माझी उलटतपासणी घेतली.

"सगळी धान्यं वेगवेगळी भाजलेली आहेत."

"मग काय?"

"एखादं करपत नाही, एखादं कच्चं राहत नाही."

"मग काय?"

"थालीपीठ खमंग होतं."

"मग काय?"

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "मग काय म्हणजे? नको खाऊस!"

मी 'महाराष्ट्रातील सर्वोत्तम भाजणी' लिहून पाहिलं. भाची म्हणाली, दावा सिद्ध करता आला पाहिजे, जाहिरातींवर लक्ष ठेवायला मुंबईत 1985 पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहे. कौन्सिलपर्यंत जायची गरजच पडली नाही. "लग्नानंतर तुम्हीच म्हणाला होतात, आईच्या भाजणीची सर नाही," सौ. म्हणाली. तारीखसुद्धा सांगितली.

मग अक्षरांची कंजुषी. गूगलवरच्या जाहिरातीच्या मथळ्याला 30 अक्षरांची मर्यादा. 'थालीपीठ' दिसायला चार अक्षरं, पण मी वापरलेला मोजणारा काना-वेलांट्या वेगळ्या धरून सात भरवतो. 'अधोस्वाक्षरीकार' मोजला, तर बरोबर 15. निम्मा मथळा मी स्वतःच व्यापून बसलो होतो.

सगळ्यात अवघड गेली ती शेवटची ओळ. वाचणाऱ्याने काय करायचं ते स्पष्ट सांगायचं. मी लिहिलं, "उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर." भाची म्हणाली, याने कोण काय करेल? खरंच होतं. 32 वर्षांत कोणी काही केलेलं मला आठवेना. "आज्ञार्थी लिहा, मामा. मागवा!" पण वर्ग तीनच्या माणसाचा हात आज्ञार्थाला वळत नाही. आज्ञार्थ वरून येतो.

रात्री वैतागून, तिची गंमत करायला म्हणून मी लिहिलं:

"विषय: भूक लागल्याबाबत.
संदर्भ: फ्रीजमधील कालचा पाव.
महोदय, उपरोक्त पावाची आपण चार वेळा पाहणी केली असून त्यात कोणतीही सुधारणा आढळून आलेली नाही. सबब भाजणी मागवावी. मळावी, थापावी, लोणी घालून प्रकरण निकाली काढावे. विलंब झाल्यास दुसरा मजला जबाबदार राहणार नाही."

पाठवलं भाचीला, गेलं सोसायटीच्या ग्रुपवर. चष्मा लावून चूक बघेपर्यंत झोप लागली.

सकाळी उत्तरं आली होती. "पाहणी अहवाल मान्य. एक किलो." "तातडीचे. दोन किलो." श्रद्धांजलीवाल्याने अर्धा किलो सांगितली, वर 'पूर्वीचा शेरा रद्द समजावा.' एकूण 11 किलो. भाची ओरडत होती, "मामा, यात आयडा आहे!" मला मात्र जावक क्रमांक घालायचा राहिल्याची रुखरुख होती. सौ.ने डबे माझ्यापुढे ठेवले. "अहो, दळण आणा. हा आज्ञार्थ आहे."

माझे जुने साहेब वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी किलो-बिलो काही लिहिलं नाही. त्यांचा शेरा होता, "चर्चा करावी." सवयीने मी अर्ध्या किलोचं पाकीट घेऊन चर्चेला गेलो. चर्चा झाली, थालीपीठंही झाली. पैसे प्रलंबित आहेत.