तोंडात जंतू असतातच, पण ते कुणाचे?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतो आहे. माझ्या तीन रुग्णांनी तो मला पाठवला, एकीने तर खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: माणसाच्या तोंडात कोट्यवधी जंतू कायमच असतात, त्यामुळे दाताच्या दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक करणं हा देखावा आहे. पूर्वी हे काही नव्हतं, तरी कुणाला काही झालं नाही. उकळत्या पाण्यातून काढलं की पुरे. डॉक्टरांनी हातमोजे घातले की तुम्ही सुरक्षित. तोंडात येणारं पाणी नळाचंच, त्याची कसली काळजी? आजारांची माहिती भरून घेणं म्हणजे वेळकाढूपणा. आणि ज्यांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस (विषाणूंमुळे होणारी कावीळ) आहे, त्यांची हत्यारं वेगळी ठेवली की बाकीच्यांना धोका नाही.

मी 20 वर्षं दातांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. हा मेसेज वाचून मला राग आला, आणि त्याहून जास्त काळजी वाटली. कारण त्याची सुरुवात खरी आहे, आणि खऱ्या वाक्याच्या आधाराने बाकीचं सगळं खपून जातं.

तोंडात जंतू असतात हे खरंच. शेकडो जातींचे जिवाणू तिथे राहतात, आणि तोंड निर्जंतुक करणं कुणालाच शक्य नाही. पण ते जंतू तुमचे असतात, तुमच्या शरीराला ते लहानपणापासून माहीत असतात. हत्यारं निर्जंतुक करायची ती तुमच्या आधी त्या खुर्चीत बसून गेलेल्या माणसाचं रक्त तुमच्या हिरडीत जाऊ नये म्हणून. दात साफ करताना हिरडीतून रक्त येतं, दाढ काढताना हाड उघडं पडतं, रूट कॅनालची सुईसारखी बारीक फाइल थेट दाताच्या मुळात उतरते. त्या टोकावर दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा थर असेल, तर तो शरीरात जायला याहून सोपी वाट नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान 7 दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या माणसाला असं रक्त लागलेली सुई टोचली, तर संसर्ग होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीसाठी हाच आकडा साधारण 0.3 टक्के आहे. लोक घाबरतात एचआयव्हीला, पण आम्हाला रोज जास्त धास्ती असते ती हिपॅटायटिस बीची.

"पूर्वी कुणाला काही झालं नाही" हे कुणी आणि कसं मोजलं? हिपॅटायटिस बीची लक्षणं संसर्गानंतर 30 ते 180 दिवसांनी दिसतात, आणि अनेकांना तर दिसतच नाहीत. आज दाढ काढली आणि चार महिन्यांनी डोळे पिवळे झाले, तर त्या दाढेची आठवण कुणाला होणार? नातं जोडलं गेलं नाही, एवढंच खरं. जिथे ते शोधलं गेलं, तिथे सापडलंही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका दवाखान्यात, एका बाईंना हिपॅटायटिस बी झाला. त्याच दिवशी त्यांच्या आधी तिथे दात काढून गेलेल्या रुग्णाचा विषाणू आणि त्यांचा विषाणू जनुकीय चाचणीत तंतोतंत जुळला. त्या दवाखान्याच्या तपासणीत ठळक अशी एकही चूक आढळली नाही. मला या घटनेतली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. 2013 मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात, दाताच्या एका दवाखान्यात चित्र वेगळं होतं. तिथे ढिसाळपणा उघड होता, एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी गेल्याचं सिद्ध झालं, आणि सुमारे 7,000 रुग्णांना तपासणी करून घ्या म्हणून कळवावं लागलं.

आता उकळत्या पाण्याबद्दल, कारण मेसेजमधला हा सल्ला सर्वांत घातक आहे. उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या पुढे तापत नाही. काही जिवाणू अडचणीच्या काळात जाड कवचाचे बीजाणू होऊन बसतात, आणि त्यातले काही उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रामध्ये दाबाखाली वाफ 121 किंवा 134 अंशांवर नेता येते. 121 ला किमान 15 मिनिटं, 134 ला किमान 3 मिनिटं. यंत्र कोणतं आणि हत्यारं पाऊचमध्ये, म्हणजे सीलबंद पाकिटात आहेत की उघडी, यावर ही वेळ वाढते. तापायला आणि सुकायला लागणारा वेळ वेगळाच. म्हणून एकाच संचावर दिवसभर रुग्ण तपासता येत नाहीत, हत्यारांचे पुरेसे संच लागतात. स्पिरिटने पुसणं हा पर्याय नाही. 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवामध्ये बुडवून ठेवलं तर बीजाणू मरायला 10 तास लागतात. निळ्या दिव्याची (अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाची) पेटी अनेक ठिकाणी दिसते, पण तो प्रकाश जिथे पोचत नाही तिथे काहीच होत नाही. त्या पेटीत आधीच निर्जंतुक केलेली हत्यारं फार तर ठेवता येतात.

आणि यंत्राच्याही आधी धुणं आहे. दाढ काढायचा चिमटा उघडा करून त्याच्या सांध्यात बघा. दोन पाती जिथे एकमेकांत अडकतात, तिथल्या खाचेत रक्त सुकून तपकिरी रेघ बसते. ती तशीच राहिली तर वाफ तिच्याखाली पोचत नाही आणि आतले जंतू सुखरूप राहतात. म्हणून आधी ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रातून काढायचं, ब्रशने घासायचं, भिंगाखाली बघायचं, कोरडं करायचं, मग पाऊचमध्ये घालायचं. माझ्याकडच्या असिस्टंट ताई हे काम करतात तेव्हा मी त्यांना घाई करत नाही. दवाखान्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम त्या सिंकपाशी होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी ठेच लागून शिकले. प्रॅक्टिस सुरू केली त्या काळात एका गर्दीच्या दिवशी ऑटोक्लेव्ह ठासून भरला, पाऊचवर पाऊच. फेरी पूर्ण झाली, प्रत्येक पाऊचवरच्या पट्टीचा रंग हवा तसा बदलला. त्या फेरीत बीजाणूंच्या चाचणीची कुपी ठेवलेली होती. इन्क्युबेटरमधून काढल्यावर ती जांभळीच राहायला हवी होती. ती पिवळी झाली होती. म्हणजे आतले बीजाणू जिवंत होते, वाढत होते. ती फेरी अजून कपाटातच होती. सगळी पाकिटं फोडून पहिल्यापासून सुरुवात केली. पट्टी उष्णता लागल्याचं सांगते, आतलं सगळं मेल्याचं सांगत नाही. तेव्हापासून आठवड्याला एक कुपी ठरलेली आहे, आणि ट्रेमध्ये दोन पाकिटांमध्ये वाफेला वाट ठेवल्याशिवाय मी दार लावू देत नाही. तुम्ही रुग्ण म्हणून एक नक्की बघू शकता: पाऊच तुमच्यासमोर फोडलं जातं का, आणि ते कोरडं, न फाटलेलं आहे का. ओलं पाऊच निर्जंतुक धरत नाहीत, कारण ओलाव्यातून बाहेरचे जंतू आत जातात. ड्रिलचा हँडपीससुद्धा असाच पाऊचमधून आला पाहिजे. तो थांबतो तेव्हा तोंडातलं द्रव आत ओढलं जाऊ शकतं, त्यामुळे बाहेरून पुसून भागत नाही.

हातमोज्यांचं फार सांगायला नको. ते एका रुग्णापुरते असतात, धुऊन पुन्हा वापरायचे नसतात, आणि त्यांना नकळत बारीक छिद्रं पडतात म्हणून घालण्याआधी आणि काढल्यावर हात धुवावेच लागतात. हातमोज्यांनीच फोन उचलला, ड्रॉवर उघडला आणि पुन्हा तोंडात बोट घातलं, तर त्या मोज्यांनी फक्त डॉक्टरांचा बचाव केला, तुमचा नाही.

पाण्याचं मात्र लोकांना खरंच माहीत नसतं. खुर्चीतल्या बारीक नळ्यांमध्ये पाणी रात्रभर साचून राहतं आणि आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. नळातून चांगलं आलेलं पाणी तिथून बाहेर पडताना तसं राहत नाही. साध्या उपचारांसाठी या पाण्यात दर मिलिलिटरला 500 पेक्षा जास्त जिवाणू नसावेत असा निकष आहे, आणि तो पाळायचा तर नळ्यांमध्ये नियमित औषध सोडावं लागतं, पाणी तपासून घ्यावं लागतं. शिवाय प्रत्येक रुग्णानंतर 20 ते 30 सेकंद पाणी सोडून द्यायचं. हाड उघडं पडणार असेल तर हे पाणी चालतच नाही, तिथे निर्जंतुक सलाइन लागतं. 2011 मध्ये इटलीत 82 वर्षांच्या एका बाई 'लीजनेला' नावाच्या जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियाने गेल्या. तोच जिवाणू त्यांच्या दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीच्या नळीत सापडला. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या अनेक मुलांना नळ्यांमधल्या पाण्यामुळे जबड्याचे संसर्ग झाले आणि रुग्णालयात राहावं लागलं. जाता जाता एक सांगते: थुंकी ओढणाऱ्या नळीभोवती ओठ घट्ट मिटू नका. तसं केल्यावर नळीतलं आधीचं द्रव उलटं तोंडात येऊ शकतं. आमच्यापैकीच कितीतरी जण "ओठ मिटा" असं सांगतात; ते सांगणं बंद व्हायला हवं.

आजारांची माहिती विचारण्याला वेळकाढूपणा म्हणणाऱ्याने रक्त न थांबणारी जखम कधी पाहिली नसावी. तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेता का, हृदयाची झडप बदलली आहे का, मधुमेह आटोक्यात आहे का, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू आहे का, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का, यातल्या एकेका उत्तराने माझा उपचार बदलतो. कृत्रिम झडप असलेल्या माणसाची दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, कारण हिरडीतून रक्तात गेलेले जिवाणू त्या झडपेवर जाऊन बसू शकतात. गोळी मनाने बंद करून येऊ नका, नुसतं सांगा. बंद करायची की नाही, ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

राहता राहिला मेसेजमधला शेवटचा मुद्दा, तोच मला सगळ्यात जास्त लागला. वेगळी हत्यारं ठेवायची तर कुणाला काय आहे हे माहीत हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगात 25 कोटींहून अधिक लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होता, आणि त्यातल्या जेमतेम 13 टक्क्यांना निदान झालेलं होतं. उरलेले फॉर्मवर प्रामाणिकपणे "नाही" लिहितात. म्हणून नियम असा आहे की प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य समजायचं आणि प्रत्येकासाठी तीच, पूर्ण काळजी घ्यायची.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. फॉर्मवर त्यांनी एचआयव्हीच्या औषधाचं नाव लिहिलं होतं आणि मग पेनाने गिरवून गिरवून खोडलं होतं. विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, आधीच्या ठिकाणी खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी बोलावलं, आणि मग हत्यारं नाहीत म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून मी कुठेच सांगत नाही." सुजलेली दाढ घेऊन ते सहा महिने फिरत होते. मी त्यांच्यासमोर पाऊच फोडलं, तसंच जसं त्यांच्या आधीच्या आजींसमोर फोडलं होतं. त्यांनी पाकिटावरची तारीख वाचली आणि तोंड उघडलं.