खेळ सुटला म्हणजे मुलगा वाया गेला?

नेरुळला ताईच्या घरी सध्या एकच वाद पेटलेला आहे. माझा भाचा महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळतो आणि पावसाळ्यात एका एकांकिकेत काम केल्यापासून त्याला अभिनयाची ओढ लागली आहे. खेळात निभाव लागत नाही म्हणून तो नाटकाकडे पळतो आहे, त्यापेक्षा खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणातून त्याने सरकारी नोकरी बघावी, असे भाऊजींचे ठाम मत आहे.

मी राहतो ते लंडनमधील विम्बल्डन आपल्याकडे टेनिसमुळे ठाऊक आहे, पण इथली जुनी माणसे एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेच्या 1988 च्या अंतिम सामन्याबद्दल अजून भरभरून बोलतात, कारण त्यात त्यांच्या संघाने बलाढ्य लिव्हरपूलला 1-0 असे हरवले होते. त्या संघातला व्हिनी जोन्स पूर्वी बांधकामावर विटा वाहत असे आणि मैदानावर तो धसमुसळ्या खेळासाठी बदनाम होता. 1998 मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा त्याचे खेळणे पुरते थांबलेही नव्हते. तो खेळात हरला म्हणून नट झाला, असे मी इथे कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

तरीही भाऊजींची काळजी मला खोटी वाटत नाही. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना 1907 पासून आहे आणि खेळ संपल्यावरच्या शिक्षणासाठी ती खेळाडूंना मदत करते; आपल्या मुलांच्या मागे तसे कुणी उभे नसते. त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारे आय. एम. विजयन केरळ पोलिसांच्या संघातून पुढे आले, भारताचे कर्णधार झाले, ‘शांतम’ या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात त्यांनी भूमिका केली आणि पुढे पुन्हा पोलीस दलात रुजू होऊन 2025 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी, खेळ आणि अभिनय ही तिन्ही त्यांच्या एकाच आयुष्यात मावली, मग आपल्या घरातच यांपैकी दोन गोष्टींवर एकोणिसाव्या वर्षी पाणी सोडण्याचा हट्ट का?

वाशीच्या भावे नाट्यगृहात मी ती एकांकिका पाहिली. समोरचा मुलगा वाक्य विसरून गोठला, तेव्हा भाचा एक पाऊल सरकून त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये आला आणि त्याला सावरायला वेळ मिळेपर्यंत प्रेक्षकांकडे पाठ करून तसाच उभा राहिला. चुकलेल्या सोबत्याची जागा न बोलता झाकणे हे त्याला कुणा दिग्दर्शकाने शिकवलेले नव्हते. नेरुळच्या चिखलात सहा वर्षे त्याने तेच केले आहे.

ताईला मी कळवले आहे, की स्पर्धा परीक्षेच्या वर्गाची फी मी भरतो, भाऊजींनी तो वर्ग स्वतः निवडावा. मात्र त्याचा सकाळचा सराव आणि संध्याकाळची तालीम कुणीही बंद करू नये.