‘कोसला’च्या आधीचे काय?

मराठी कादंबरी खऱ्या अर्थाने १९६३ साली ‘कोसला’पासून सुरू झाली, त्याआधीचे बहुतेक सारे रंजन होते आणि आजच्या वाचकाने त्यात वेळ दवडू नये, हे मत महाराष्ट्रात इतक्या निश्चिंतपणे मांडले जाते की दर वेळी ते वाचून मी संतापते. भालचंद्र नेमाडे यांच्या त्या कादंबरीवर माझे प्रेम आहे. त्यातली नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने मला आजही सलग वाचवत नाहीत. पण एका थोर पुस्तकाचे कुंपण करून बाकीच्यांना बाहेर ठेवणे मला मान्य नाही.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. युरोपातून परतणारा चक्रधर आणि नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून निघालेली ज्यू हेर्टा बोटीवर भेटतात, प्रेमात पडतात. मुंबईला तो उतरतो आणि तिला पुढे जावे लागते. पुण्यात कॉलेजात असताना चक्रधराच्या कचखाऊपणावर चिडून मी ती मिटली होती. आता जर्मनीत, हांबुर्गमध्ये, ग्रिंडेल या एकेकाळच्या ज्यू वस्तीत राहते. बेकरीत जाताना पायाखालच्या स्टोलपरश्टाईनवरची, म्हणजे नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी फुटपाथमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी फरशांवरची, नावे, जन्मसाले आणि त्यांना जिथे पाठवले गेले ती रिगा, मिन्स्क ही ठिकाणे रोज नजरेखालून जातात, आणि हेर्टाची भीती मला चक्रधराच्या दुबळेपणाहून कितीतरी मोठी वाटते. छळछावण्यांची पूर्ण हकिगत जगाला कळण्याआधी एका मराठी लेखकाने हे लिहिले होते. याला रंजन म्हणणाऱ्यांनी ते वाचले तरी आहे का, अशी शंका मला येते.

इथे शाळेतली मुले रेक्लाम प्रकाशनाच्या स्वस्त पिवळ्या पुस्तिकेतून जर्मन कादंबरीकार फोंटानची १८९५ सालची ‘एफी ब्रीस्ट’ वाचतात, कंटाळतात, समासात शेरे लिहितात. १९२९ मध्ये डोब्लिनची ‘बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ’ ही नव्या धाटणीची कादंबरी आली म्हणून फोंटानला कोणी निवृत्त केले नाही. एवढा समंजसपणा आपल्याला का जमू नये?

यावर माझी पुण्याची मैत्रीण म्हणते की बाहेर गेलेली माणसे जुन्यातच रमतात. हे मला लागते, कारण त्यात तथ्य आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तली मेंढरे, तिथला दुष्काळ, शाळेत येणारी पोरे मी न पाहताही मला माझी वाटतात, कारण त्यांच्याशी माझी ओळख लहानपणीच झाली. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मी ती मुद्दाम मागवली. धरणाने उठवलेली माणसे आणि मागे राहिलेले जनावर यांची ती गोष्ट विलक्षण ताकदीची आहे, पण वाचताना आपण पाहुणे आहोत ही जाणीव मला एकदाही सोडून गेली नाही. त्या बोलीतली काही वाक्ये मी दोनदा वाचली. ज्या राज्याच्या वाङ्मयावर मी इतक्या हक्काने भांडते, त्याचे आजचे जगणे मला पुस्तकातूनच कळते, हे स्वीकारणे जड जाते. तरीही ‘रणांगण’वरचा माझा हक्क मी सोडणार नाही; ती मला पुण्यापेक्षा ग्रिंडेलमध्ये अधिक कळली आहे.